हातपाय दुखतात, गुरुजी

वर्गात असे एखादे मूल असतेच. सोमवारी ते मैदानावर इतरांबरोबर पळते आणि बुधवारी शाळेतच येत नाही. गुरुवारी आले तर कोपऱ्यात बसून राहते. विचारले तर म्हणते, "हातपाय दुखतात, गुरुजी." हातपाय पाहावेत तर कुठे जखम नाही, सूज नाही, खरचटल्याची खूणही नाही. चार-आठ दिवसांनी दुखणे आपोआप थांबते. महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच. मूल अंगाने किरकोळ, डोळे जरा पिवळसर, आणि हजेरीपटावर गैरहजेरीची लांबलचक रांग. अशा वेळी आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एकच विचार येतो : कवायतीचा तास आला की याचे पाय दुखतात!

हातपाय दुखणारे प्रत्येक मूल आजारी असते असे नाही. वाढत्या वयात रात्री पोटऱ्या दुखणे ही सर्रास आढळणारी आणि निरुपद्रवी गोष्ट आहे. काही वेळा मूल खरोखरच कवायत चुकवत असते. पण काही मुलांच्या दुखण्याला अगदी ठोस कारण असते आणि ते त्यांच्या रक्तात असते. ते उलगडायला वैद्यकशास्त्राला सुमारे पन्नास वर्षे लागली. या लेखात आम्ही त्या शोधाची हकिकत सांगणार आहोत. आजाराचे नाव सिकलसेल. विदर्भात किंवा नंदुरबारकडे शिकवणाऱ्या वाचकांना ते परिचयाचे असेल. शोधाची हकिकत मात्र सहसा सांगितली जात नाही, आणि तिच्यात शिक्षकांच्या कामाचे बरेच काही आहे.

लोकांकडे नाव होते

वैद्यकाच्या पुस्तकात या आजाराची नोंद १९१० साली झाली. पण ज्यांची मुले दुखण्याने तळमळत होती त्यांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशातले डॉक्टर फेलिक्स कोनोटे-आहुलू यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की तिथल्या भाषांमध्ये या दुखण्याला जुनी नावे आहेत. गा भाषेत 'च्वेच्वीच्वे', त्वी भाषेत 'आहोतुतुओ'. या नावांत एकच ध्वनी पुन्हा पुन्हा येतो. आपण 'ठणठण', 'सणसण' म्हणतो तसाच हा प्रकार. हाडे कुरतडल्यासारखे, थांबून पुन्हा उठणारे दुखणे त्या नावातच ऐकू येते. कोनोटे-आहुलू यांच्या स्वतःच्या घराण्यातही हा आजार होता. पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या माहितीच्या आधारे त्यांनी आपल्या पूर्वजांतील हे दुखणे थेट १६७० सालापर्यंत मागे नेले.

म्हणजे तीन गोष्टी लोकांना माहीत होत्या : हे दुखणे पुन्हा पुन्हा येते, ते लहानपणीच सुरू होते आणि ते घराण्यात चालते. एखाद्या निदानाची जवळजवळ निम्मी सामग्री इथे तयार होती. ती डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचली मात्र नाही.

शिकागोतील विद्यार्थी

आता आफ्रिकेतून अमेरिकेत जाऊ. १९०४ च्या डिसेंबरअखेर शिकागोच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात वीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यकी शिकायला आला होता. त्याला धाप लागत होती, अशक्तपणा होता आणि पायांवर जुन्या व्रणांच्या खुणा होत्या. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरांनी त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तांबड्या पेशी नेहमी गोल असतात, मधोमध किंचित दबलेल्या. इथे मात्र कित्येक पेशी लांबट आणि विळ्यासारख्या वाकड्या होत्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी या रुग्णाचा पाठपुरावा केला आणि १९१० मध्ये त्यावर लेख लिहिला. हा काय आजार आहे हे आपल्याला सांगता येत नाही, अशीच त्यांची भूमिका होती.

लेखात रुग्णाचे नाव नव्हते. ते वॉल्टर क्लेमंट नोएल, हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. नोएल शिक्षण पुरे करून ग्रेनाडाला परतले, तिथे दंतवैद्य म्हणून काम केले आणि १९१६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, न्यूमोनियाने वारले.

दुसरा रुग्ण १९११ मध्ये आणि तिसरा १९१५ मध्ये नोंदला गेला. १९२२ मध्ये बाल्टिमोरचे व्हर्न मेसन यांनी चौथ्या रुग्णाचे वर्णन करताना आजाराला नाव दिले, 'सिकल सेल ॲनिमिया'. सिकल म्हणजे विळा. नाव मिळाले ते पेशीच्या आकारावरून. घानातील लोकांनी ते दुखण्यावरून दिले होते. दोन्ही नावे एकाच आजाराची, पण एक रुग्णाकडे पाहणाऱ्याने दिलेले आणि दुसरे सोसणाऱ्याने.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. हे चारही रुग्ण विशी-पंचविशीतले होते. आज आपण जाणतो की हा आजार जन्मतःच असतो आणि त्याची पहिली लक्षणे पहिल्या-दुसऱ्या वर्षीच दिसतात. मग मुले कुठे होती? मुले होतीच. पण त्यांच्या दुखण्यांना वेगवेगळी नावे मिळत होती. सांधे दुखले तर संधिवाताचा ताप, पोट दुखले तर आंत्रपुच्छाचा दाह, हाड दुखले तर हाडाचा संसर्ग. प्रत्येक दुखणे वेगळे धरले की प्रत्येकाला जवळचे उत्तर सापडते. ते सारे एकाच मुलाचे आहे हे ध्यानात यायला कोणीतरी मुलाची पूर्ण कहाणी सलग ऐकावी लागते. लहान मुलांतील रुग्णांचे पहिले नीट वर्णन १९२३ मध्ये जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे व्हर्जिल सायडनस्ट्रिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. या आजाराच्या अचानक उठणाऱ्या झटक्यांना इंग्रजीत 'क्रायसिस' म्हणतात. हा शब्दही सायडनस्ट्रिकर यांनीच रूढ केला.

पेशी वाकते का?

आता प्रश्न असा होता की पेशीचा आकार आणि दुखणे यांचा संबंध काय?

पहिला धागा १९१७ मध्ये व्हिक्टर एमेल यांच्या हाती लागला. त्यांनी १९१५ च्या रुग्णाच्या वडिलांचे रक्त तपासले. वडील ठणठणीत होते आणि त्यांच्या ताज्या रक्तातल्या पेशीही गोल होत्या. पण तोच थेंब काचेवर हवाबंद करून काही काळ ठेवला, तर त्यातल्याही पेशी वाकड्या होत. म्हणजे रक्तातला गुण घराण्यातून आला होता, आणि पेशी जन्मतः वाकडी नव्हती. काहीतरी घडले की ती वाकत होती.

ते 'काहीतरी' १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी शोधले. रक्तातला प्राणवायू काढून घेतला की पेशी विळ्यासारख्या होत, पुन्हा दिला की त्यातल्या पुष्कळशा गोल होत. हवाबंद काचेत ठेवलेल्या थेंबात हेच घडत होते. पेशी तिथला प्राणवायू संपवून टाकत होत्या.

पण काचेवर घडते ते शरीरात घडते का? १९३० मध्ये माँट्रियल येथे जेसी बॉइड स्क्रायव्हर आणि थिओडोर वॉ यांनी साधी युक्ती केली. त्यांनी रुग्णाच्या बोटाला रबरी बंद बांधला. बोटातले रक्त अडले, तिथला प्राणवायू कमी झाला. मग त्या बोटातून घेतलेल्या थेंबात वाकड्या पेशींचे प्रमाण वाढलेले आढळले. रबराचा एक तुकडा वापरून दोन डॉक्टरांनी शरीरातली घटना दाखवून दिली. (हा प्रयोग वर्गात कोणाच्याही बोटावर करून पाहू नये, हे सांगायला हवेच.)

आता दुखण्याचे कोडे सुटण्याच्या बेतात आले. टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे लेम्युएल डिग्ज यांनी मृत रुग्णांच्या अवयवांचा बारकाईने अभ्यास केला. १९३४ मध्ये त्यांनी चिंग यांच्यासह मांडले, की वाकड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा थांबतो. तांबड्या पेशीचा व्यास साधारण ७ ते ८ मायक्रॉन असतो. अतिसूक्ष्म केशवाहिन्या त्याहून अरुंद असतात. निरोगी पेशी मऊ असल्यामुळे घडी घालून त्यातून पलीकडे जाते. विळ्यासारखी पेशी ताठ असते, ती अडते. तिच्यामागे दुसरी अडते. अरुंद गल्लीत बैलगाडी आडवी व्हावी तसे होते. पलीकडच्या हाडाला किंवा स्नायूला प्राणवायू मिळत नाही, आणि प्राणवायूविना तडफडणारा तो भाग दुखू लागतो. शिवाय अडलेल्या रक्तातला उरलासुरला प्राणवायूही संपतो, त्यामुळे आणखी पेशी वाकतात. दुष्टचक्र सुरू होते.

बाहेरून जखम का दिसत नाही, याचे उत्तर इथे मिळते. इजा हाडाच्या आत, मगजात झालेली असते. ती कधी मांडीत, कधी पाठीत, कधी बरगडीत होते, म्हणून दुखणे जागा बदलते. झटका ओसरला की मूल पुन्हा खेळते, म्हणून ते सोंग वाटते. आपल्या मनात संशय निर्माण करणारी प्रत्येक गोष्ट वास्तविक या आजाराचे लक्षण आहे.

सहा महिन्यांचे रहस्य

तरीही एक गाठ उरली होती. आजार जन्मजात, मग पहिले काही महिने बाळ सुखरूप कसे? १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी नवजात बाळांचे रक्त तपासले. आईच्या रक्ताच्या तुलनेत बाळाच्या फार थोड्या पेशी वाकत. त्यांचा तर्क असा, की गर्भात असताना बाळाच्या पेशींत वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि तेच पेशीला वाकू देत नाही. पुढे हे खरे ठरले. जन्मानंतर हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन हळूहळू कमी होत जाते आणि सुमारे सहा महिन्यांनंतर त्याचे कवच उरत नाही.

आजाराचे पहिले दर्शन मग बहुधा तळहात-तळपायांत होते. दोन्ही हात किंवा पाय सुजतात, बोटे फुगतात, बाळ हात लावू देत नाही. तान्ह्या वयात हातापायांच्या इवल्या हाडांतही रक्त तयार करणारा मगज असतो, म्हणून पहिली अडचण तिथे येते. मूल मोठे झाले की त्या हाडांतला हा मगज निवृत्त होतो आणि दुखणे लांब हाडांकडे, पाठीकडे वळते. बोलता न येणारे बाळ सतत का रडते याचे कारण त्याच्या सुजलेल्या बोटांत सापडू शकते.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनवर विजेच्या साहाय्याने प्रयोग केला. विद्युतक्षेत्रात रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकत होते. ज्यांच्या अंगी नुसता गुण होता पण आजार नव्हता, अशा लोकांत दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन मिळाले. आजाराचे मूळ एका रेणूत आहे हे इतक्या स्पष्टपणे प्रथमच दिसले. १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इंग्रॅम यांनी तो फरक नेमका दाखवला. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बस्स, एवढेच! या एका बदलामुळे प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि ते दोरे पेशीला आतून ताणून वाकडी करतात.

नाण्यांचा खेळ

डिग्ज आणि पॉलिंग यांच्या कामाने आणखी एक मोठा गोंधळ निस्तरला. एमेल यांच्या पद्धतीने तपासले की आजारी माणूस आणि नुसता वाहक, दोघांच्याही पेशी वाकत. त्यामुळे अमेरिकेत कित्येक निरोगी कृष्णवर्णीयांवर रोगी म्हणून शिक्का बसला. वस्तुस्थिती अशी आहे : आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच आजार होतो. एकाकडूनच आले तर मूल फक्त वाहक असते. एरवीच्या आयुष्यात वाहकाला त्रास होत नाही.

हे वर्गात दोन नाण्यांनी दाखवता येते. प्रत्येक नाण्याच्या एका बाजूला 'अ' आणि दुसऱ्या बाजूला 'स' लिहावे. एक नाणे आईचे, एक वडिलांचे. दोन्ही एकदम उडवावीत आणि निकाल फळ्यावर मांडावा. चाळीस-पन्नास वेळा केले की दिसते : साधारण पाव वेळा 'अ-अ', निम्म्या वेळा 'अ-स', पाव वेळा 'स-स'. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला आजारी बाळ होण्याची शक्यता चारात एक असते. मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा : "लागोपाठ दोनदा 'स-स' आले, आता तिसऱ्यांदा येणार नाही ना?" नाण्याला आधीचे काही आठवत नसते. "एक झाले, आता बाकीची धडधाकट होतील" असा दिलासा घरोघरी दिला जातो. तो का खोटा आहे हे या खेळातून कळते.

यात दोष आईचा की बापाचा, हा प्रश्नही उरत नाही. दोन्ही नाणी एकदमच पडतात.

आपल्याकडची हकिकत

भारतात हा आजार वैद्यकाच्या नजरेला १९५२ मध्ये आला. लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत सिकलचा गुण आढळला. त्याच वर्षी डनलॉप आणि मुजुमदार यांनी आसामातल्या चहामळ्यांवरील मजुरांत तो नोंदवला. महाराष्ट्रात १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांचा मध्य भारतातील सिकलच्या गुणासंबंधीचा लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर विदर्भ, सातपुड्याचा पट्टा, छत्तीसगड, ओडिशा, गुजरात असा त्याचा विस्तार ध्यानात येत गेला.

हा गुण याच पट्ट्यात का टिकला? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले, की वाहक मुलांना मारक मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचे थैमान, तिथे हा गुण टिकून राहिला. त्याचा संबंध डासांशी आणि भूगोलाशी आहे, जातीच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेशी नाही. आपल्याकडे मात्र 'हा आदिवासींचा रोग' असे समीकरण झाले. वास्तविक विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही आढळतो. अमेरिकेत 'हा काळ्यांचा रोग' म्हणताना जी चूक झाली तीच आपण केली. कारण शोधण्याआधी आपण माणसाची जात पाहिली. यातून दोन्हीकडे नुकसान झाले. ज्यांच्यात आजार शोधला त्यांच्यावर डाग बसला, आणि ज्यांच्यात शोधलाच नाही त्यांच्या मुलांचे निदान राहून गेले.

दुसरा गैरसमज 'भारतातला सिकल सौम्य असतो' हा. इथल्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण मोठेपणीही जास्त राहते आणि त्यामुळे काहींना त्रास कमी होतो, हे खरे. पण सरासरीवरून एका मुलाचे दुखणे ठरवता येत नाही. विदर्भातील कित्येक मुलांना तीव्र झटके येतात.

निदान झाल्यावरची चूक

कारण सापडले की प्रश्न सुटला, असे वाटते. तसे होत नाही. निदान नसताना दुखण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. निदान झाल्यावर उलटा धोका सुरू होतो : जे काही दुखेल ते सिकलचेच, असे सगळे धरून चालतात.

या मुलांना पित्ताशयात खडे होऊ शकतात, कारण त्यांच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांतच फुटतात आणि पित्तातील रंगद्रव्य वाढते. मांडीच्या हाडाचा गोल माथा रक्ताअभावी झिजू शकतो, तेव्हा मूल लंगडू लागते. हाडाला खरोखरच जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि इतर कोणाही मुलाप्रमाणे आंत्रपुच्छाचा दाह तर होऊ शकतोच. म्हणून 'नेहमीसारखेच दुखते का?' हा प्रश्न फार मोलाचा आहे. त्याचे उत्तर मुलाला आणि त्याच्या आईला बहुधा अचूक देता येते. 'या वेळी वेगळेच दुखते' असे मूल म्हणाले, तर ते डॉक्टरांच्या कानावर गेलेच पाहिजे.

दुखण्याला मोजपट्टी नाही. रक्ताच्या तपासणीत झटक्याची तीव्रता कळत नाही. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३२ प्रौढ रुग्णांनी रोजच्या दुखण्याची टिपणवही ठेवली. ज्या दिवसांची नोंद झाली त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.५ टक्के दिवस त्यांना दुखत होते. रुग्णालयाची पायरी मात्र त्यांनी फक्त ३.५ टक्के दिवशीच चढली होती. उरलेले दुखणे घरात, कामावर, मुकाट्याने. हे आकडे प्रौढांचे असले तरी आपल्याला विचारात पाडणारे आहेत. मुलांच्या बाबतीत त्या 'उरलेल्या' दिवसांचा मोठा भाग शाळेत जातो.

शाळेत काय करता येईल

शिक्षकाने निदान करायचे नाही, पण धागे जुळवायचे काम त्याच्याइतके कोणाला जमणार? मूल डॉक्टरांना दहा मिनिटे दिसते, आपल्याला वर्षभर. पुन्हा पुन्हा हाडे-सांधे दुखणे, डोळ्यांत पिवळेपणा, फिकटपणा, वाढ खुंटणे, घरात असाच त्रास असलेले किंवा लहानपणी दगावलेले भावंड, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला सुचवावे. तिथे बोटातल्या थेंबावर होणाऱ्या प्राथमिक चाचणीची विचारणा करावी. तिच्यात दोष दिसला तर रुग्ण की वाहक हे पुढच्या तपासणीने ठरते. हा पांडुरोग केवळ लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही, म्हणून तपासणी महत्त्वाची.

निदान झालेले मूल वर्गात असेल तर काही साध्या गोष्टी पुरतात. पाण्याची बाटली सतत जवळ असू द्यावी आणि लघवीला जायला कधीही अडवू नये. या मुलांची मूत्रपिंडे पाणी राखून ठेवू शकत नाहीत आणि शरीरातले पाणी कमी झाले की झटका येतो. थंडीत सकाळच्या प्रार्थनेला स्वेटर घालू द्यावा, पावसात भिजू देऊ नये. खेळू द्यावे, पण 'दमलो' म्हटले की थांबू द्यावे. दुखत असेल तर ऊब द्यावी, बर्फ लावू नये.

ताप येणे, छातीत दुखून धाप लागणे, पोट अचानक फुगून मूल पांढरेफटक पडणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर पालकांची वाट पाहण्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. या मुलांची पाणथरी लहानपणीच निकामी होते, त्यामुळे साधा वाटणारा तापही जिवावर बेतू शकतो. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकॉकस जंतूंचा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. जमैका बेटावर तर आयांना बाळाची पाणथरी हाताने चाचपायला शिकवले आणि तेवढ्यानेही पुष्कळ बालमृत्यू टळले. तिथे वैद्यकाने आईला आपल्या कामात भागीदार केले होते.

आणि मुलाचा तपासणीचा निकाल वर्गात जाहीर करू नये. वाहक असणे हा आजार नाही. मुलींच्या बाबतीत तर असा उच्चार पुढे लग्नाच्या वेळी आडवा येतो.

जुना धागा, नवा उपचार

१९९५ मध्ये हायड्रॉक्सियुरिया या औषधाने प्रौढांतील झटके जवळजवळ निम्म्यावर येतात हे सिद्ध झाले. २०११ मध्ये ते तान्ह्या मुलांतही उपयोगी असल्याचे दिसले. हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला मंजुरी मिळाली, तोही तेच हिमोग्लोबिन पुन्हा जागे करतो. १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन यांनी विचारलेला 'पहिले सहा महिने बाळ सुखरूप कसे?' हा प्रश्न असा फळाला आला. हा नवा उपचार अतोनात महाग आहे. आपल्या मुलांसाठी आजचा आधार वेळीच निदान, लसी, पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सियुरिया हाच आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट ठरवण्यात आले.

तपासणीची गाडी गावात येईल तेव्हा येईल. तोवर, पुढच्या वेळी कोणी "हातपाय दुखतात, गुरुजी" म्हणाले, तर आमची विनंती एवढीच : आधी त्याला बसायला सांगा, पाणी द्या, आणि मग विचारा, "याआधी कधी दुखले होते? घरात आणखी कोणाचे दुखते का?" घानातल्या आयांना ही उत्तरे ठाऊक होती. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.